रेवतीचं मत

मधुकाका गेल्याचं त्यांच्या लेकीनं, रेवतीनं, फोनवर सांगितलं, तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहिले. झोपेत गेले... त्रास झाला नाही. त्याला आता दीड महिना होईल. नव्वदीला टेकलेले काका तृप्त होऊन गेले. पण एके काळी त्या घरात बाप-लेक एकमेकांशी बोलत नसत, हे आज इथे अमेरिकेत, आमच्या प्लेनो गावात, कुणाला खरं वाटणार नाही.

मी लग्न होऊन त्यांच्या शेजारी राहायला आले, तेव्हाची गोष्ट. काका नागपूरचे, पूल बांधणारे इंजिनिअर. एकुलत्या एका मुलीनं मेडिकलची ॲडमिशन सोडली आणि वर्तमानपत्रात इथल्या कॉलेज फुटबॉलवर, त्या अंड्यासारख्या चेंडूच्या अमेरिकन खेळावर, लिहायला लागली, हे त्यांना फार लागलं होतं. तिचा फोन आला की रिसीव्हर मुकाट्यानं नलूकाकूंकडे द्यायचे. मग रेवतीला चॅम्पियन ठरवणाऱ्या मतदानात मत द्यायचा अधिकार मिळाला. तेव्हा कॉलेज फुटबॉलला प्लेऑफ, म्हणजे चॅम्पियन ठरवणारे शेवटचे बाद सामने, नव्हते. देशभर इतक्या टीम, की सगळ्यांत चांगल्या दोन समोरासमोर येतीलच असं नसे. सीझन संपला की क्रीडापत्रकार मतं द्यायचे, कोच मंडळी आपली वेगळी द्यायची, आणि कधीकधी एकाच वर्षी दोन चॅम्पियन व्हायचे. पूल टिकेल की नाही हे कुणी हात वर करून ठरवतं का, असं काका आम्हाला म्हणाले खरे. पण लेकीचं मत चुकू नये, या काळजीनं दर शनिवारी टीव्हीसमोर बसायला लागले. तिला मात्र पत्ता लागू दिला नाही.

एका वर्षी आमच्या भागातली लाडकी टीम एकही मॅच हरली नाही. दूरच्या राज्यातली आणखी एक टीमही हरली नव्हती. रेवतीनं पहिला नंबर त्या दूरच्या टीमला दिला. ते पेपरात छापून आलं आणि लोक खवळले. मंडळाच्या संक्रांतीला रेवती आईसाठी म्हणून आली होती. तिळगुळाच्या टेबलापाशी एकजण काकांना म्हणाले, तुमच्या मुलीला गेम कळत नाही. काकांनी हातातली प्लेट खाली ठेवली.

"दोन्ही टीमच्या सगळ्या मॅचेस मी पाहिल्यात," ते म्हणाले. "आपली टीम दुबळ्यांना हरवत आली. रेवतीचं मत बरोबर आहे."

रेवती मागेच उभी होती. बाहेर पडताना काकांनीच तिला विचारलं, पण दोन मॅच हरलेली टीम तिसऱ्या नंबरला कशी काय टाकलीस? मग थंडीत, पार्किंगमध्ये, बाप-लेकीचा वाद असा रंगला, की काकूंनी शेवटी गाडीत बसून हॉर्न वाजवला.

पुढे प्लेऑफ आले. सगळे खूश, काका तेवढे नाराज. आता माझ्या मुलीला विचारतंय कोण, म्हणायचे.

परवा शनिवारी गेले, तर मायलेकी मॅच बघत होत्या. काकूंनी इतक्या वर्षांत कधी टीव्हीकडे मान वळवली नव्हती. बाबांनी आज पहिला नंबर कुणाला दिला असता, असं त्यांनी विचारलं.

रेवतीनं टीव्हीचा आवाज कमी केला. "आय डोन्ट नो, आई. म्हणाले असते, अजून एक मॅच बघू."

"मग बघू या," काकू म्हणाल्या, आणि माझ्यासाठी सोफ्यावर थोड्या सरकून बसल्या.