वाळूत अडकलेलं मिंकीचं पिल्लू

मंडळी, घरी आल्या आल्या लिहितेय. आज सकाळी टाकानिनीतल्या घरून मी आणि लेक कावाकावा बेच्या समुद्रकिनाऱ्यावर गेलो, तर वाळूत मिंकी व्हेलचं पिल्लू अडकलेलं! लोक त्याच्यावर बादल्यांनी पाणी ओतत होते. मीही बादली उचलली.

"डोक्यावरच्या नाकपुड्यांत पाणी जाऊ देऊ नका!" किनाऱ्याची देखरेख करणाऱ्या रेंजरबाई ओरडल्या.

दुपारी भरती आली, पिल्लू तरंगलं. आम्ही दहाजणांनी त्याला आत ढकललं, तर ते पुन्हा किनाऱ्याकडेच वळलं. माझी लेक रडायलाच लागली, "आई, रॉन्ग वे!"

त्याला अडवायला आम्ही कमरेइतक्या पाण्यात हात धरून उभे राहिलो. ते माझ्या मांडीला घासलं, क्षणभर थांबलं आणि खोल पाण्याकडे गेलं.

"परत येऊ शकतं," रेंजरबाई म्हणाल्या.

उद्या उजाडताच मी बघायला जाणार आहे. कोण येतंय सोबत?