पायातून गालात

माणसाकडे बघताना त्याचे सुटे भाग मोजणारी बाई मी उभ्या जन्मात एकच पाहिली. आमच्या खरवईच्या बिल्डिंगमध्ये कोरोनाच्या पहिल्या बातम्यांबरोबर, मास्क लावूनच वरच्या मजल्यावर भाड्याने आलेली डॉक्टरीणबाई. कॅन्सरने सडलेला जबडा काढायचा आणि पायातलं हाड, कातडी लावून नवा घडवायचा, हा तिचा उद्योग. त्यामुळे कोणी नमस्कार केला तरी हिची नजर थेट पोटरीवर. मला एकदा जिन्यात थांबवून म्हणाली, "काकू, तुमची कातडी लाखात एक आहे, जपा हं." आता या वयात असं कौतुक झाल्यावर लाजावं की घाबरावं, सांगा! गुटखा खाणाऱ्या वॉचमनला तर तिने सरळच सांगितलं, "खा, खा. तुझं हाड मी बघून ठेवलंय." बिचारा दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून म्हणाला, "मॅडम, अभी इसपे चल रहा हूं मैं!"

कोरोनाने रस्ते ओस पाडले आणि बाईंचं वेड गच्चीवर पोचलं. भर दुपारी, कुत्रंही भुंकत नसताना, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्यात गुंडाळलेल्या चार आकृत्या टेबलाभोवती उभ्या राहायच्या. तोंडातून शब्द नाही. एकीने बोट वर केलं की दुसरी वाकायची. टेबलावर दोनदा टकटक झाली की चौघीही थिजायच्या. टेबलावर काय, तर दुधी भोपळा! समोरच्या सिंधी आजींनी तर खिडकीला चादरच बांधली. मी विचारलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाली, "त्या टोपाच्या आत एकमेकांचं ऐकू येत नाही, काकू. म्हणून आम्ही दवाखान्यातल्या चौघी खुणा शिकतोय. तोंडातलं काम म्हणजे रोगाच्या दारात बसणं. माणसं कमी हवीत, आणि हाड मशीनने कापायचं नाही, फवारा उडतो. हातकरवत बरी." करवत हा शब्द ती कोथिंबीर म्हणावा तसा म्हणाली.

आमचे हे खूप हसायचे. जन्म सगळा अंबरनाथ एमआयडीसीत गेलेला, शिफ्ट आणि तंबाखू. एके दिवशी जिन्यात यांचं बोलणं ऐकता ऐकता ती थबकली. लांबूनच म्हणाली, "काका, मास्क काढा. आ करा." दोन बोटंसुद्धा जाईनात तोंडात. हे चिडलेच, "तोंड आहे माझं, गोदामाचं शटर नाही!" ती हसली नाही. पुढे गालातला तुकडा काढून तपासला, नको तेच निघालं. मी म्हटलं, साथ ओसरू दे. म्हणाली, "साथ ओसरेपर्यंत काका नाही थांबायचे."

मग आम्हा दोघांना तिने घरात कोंडलं, दूधसुद्धा दाराबाहेर. कोरोनाची तपासणी झाली आणि यांना घेऊन गेली. मला दवाखान्याच्या पायरीवर येऊ दिलं नाही. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. उचलते तर बोलणं नाहीच, नुसतं फुस्स... फुस्स... जणू कोणी पाण्याखालून श्वास घेतंय. मग तिचा आवाज, "काकू, हे काका. पायातून गालात पोचलेत. नव्या गालातलं रक्त वाहतंय, त्याचा मशीनमधून येणारा आवाज."

असे दोन फोन झाले. तिसऱ्यात काहीच नव्हतं.

"रक्त थांबलंय, काकू. गुठळी असेल. परत उघडते. फोन ठेवू नका."

फोन तिथे कुठेतरी पिशवीत पडून असावा. मी देवघरापुढे बसून ऐकत होते. पावलं, भांड्यांचा आवाज, आणि एवढ्या माणसांत एक शब्द नाही. मग दोनदा टकटक झाली आणि इकडे मीसुद्धा थिजले. किती वेळ गेला देव जाणे. आणि मग, लांबून, फुस्स... फुस्स...

हे घरी आले. आता गालाच्या आत पोटरीचे केस उगवतात, बरं का! हे बोबड्या बोलीत म्हणतात, "दाढी आतून करायची की बाहेरून?" तोवर बाईंची खोली रिकामी झाली होती. कुठल्या तरी दुसऱ्या गावी बोलावणं आलं म्हणे. परवा पेज पिता पिता यांनी विचारलं, "दिसायची कशी गं ती?"

मी खूप आठवून पाहिलं. आली तीही मास्क लावून, गेली तीही मास्क लावून. यांच्या गालावर हात ठेवला की ऊब लागते. पण ती समोरून गेली, तरी मला कळायचं नाही.