गुटीच्या सहाणेवर

चिमणाबाईचं तोंड म्हणजे तोंड होतं. मलकापूरच्या बाजारात ती मिरचीचा भाव करायला लागली की पलीकडच्या आळीतल्या लोकांना कळायचं, बाई आल्या. पण रत्नागिरी रस्त्यालगतच्या तिच्या वाडीत तिच्यावाचून पान हलत नव्हतं. म्हैस अडली, बोलवा चिमणाबाईला. पोराचं पोट फुगलं, बोलवा चिमणाबाईला. तिलाही ते आवडायचं, खोटं कशाला सांगा. पदर खोचून, बोलावणाऱ्यालाच चार शिव्या घालत ती निघायची.

तिच्या गोठ्यामागं करवंदीच्या जाळीवर कळलावीची वेल होती. पानाचं टोकच वळवून आधाराला धरते आणि चढत जाते, अशी ही वेल. भादव्यात तिला लाल-पिवळी, वर वळलेल्या पाकळ्यांची फुलं यायची आणि गौरीपुढं ठेवायला सगळी वाडी ती घेऊन जायची. फुलाशिवाय बाकी वेलीला मात्र कुणी हात लावत नसे. जमिनीतला कंद नांगराच्या फाळासारखा वाकडा आणि जहरी. पण व्यालेल्या जनावराची वार, म्हणजे नाळेबरोबरची पिशवी, पडेना झाली की तोच कंद उगाळून त्याच्या ओटीपोटाला लेप द्यायचा आणि वार पडली रे पडली की लेप धुऊन काढायचा, ही चिमणाबाईला सासूकडून मिळालेली रीत. तो कंद रताळं समजून खाल्लेला एक गडी तिनं तरुणपणी डोळ्यांनी पाहिला होता. पहिला अर्धा दिवस तो हसतखेळत होता. मग जे सुरू झालं ते तिला अजून आठवायला नको वाटायचं. म्हणून कंद गोठ्याच्या आढ्याला फडक्यात बांधलेला असायचा आणि तो उगाळायचा दगडही वेगळा, गोठ्यातच.

घरात भांडण होतं ते गुटीवरून. सून स्वप्नाली शिकलेली, बोलायला मऊ, पण आतून चिवट. नात शिवानी झाली तेव्हा दवाखान्यात तिला सांगितलं होतं, सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही. चिमणाबाईला हे पटेल कसं? हळकुंड, मुरुडशेंग, वेखंड सहाणेवर उगाळून पाजलं नाही तर पोर बाळसं धरणार कसं? तिचा मुलगा कृष्णात ह्याच गुटीवर वाढला होता आणि आता उचगावला कारखान्यात मशीन चालवत होता.

"हाडं मोजून घे पोरीची," ती रोज म्हणायची. "माझं ऐकायचंच न्हाई म्हणून ठरवलंयस."

स्वप्नाली गप्प राहायची. गुटीची सहाण फळीवर धूळ खात पडलेली.

त्या दिवशी पहाटे म्हैस व्याली. रेडकू ठणठणीत होतं, पण वार पडेना. जनावरांच्या डॉक्टरला फोन केला तर तो म्हणाला, दुपार होईल. म्हैस कण्हायला लागली. गोठ्यातला दगड सरपणाच्या ढिगाखाली कुठं गडप झालेला. चिमणाबाईनं दोन शिव्या हासडल्या आणि घरात जाऊन फळीवरची सहाण उचलली. सूनबाई वापरू देत नाही ती नाहीच, मग निदान म्हशीच्या तरी कामाला येऊ दे, असा राग होता त्यात.

लेप दिला. थोड्या वेळानं वार पडली. म्हशीचं अंग धुतलं. सहाण मागच्या दारी धुण्याच्या दगडावर ठेवली, आल्यावर राखेनं घासू म्हणून, आणि कुत्री यायच्या आत वार पुरायला ती बांधाकडं गेली.

खड्डा खणत होती तेवढ्यात घराकडून स्वप्नालीची हाक आली. सासूला आत्या म्हणायची तिकडची पद्धत. "आत्या, गुटी पाजली हो शिवानीला. डोस द्यायला मलकापूरला जातो. यष्टी आली."

"लई गुणाची गं बाई माझी," चिमणाबाई तिथूनच ओरडली. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. अखेर ऐकलं म्हणायचं. खड्ड्यात माती ओढताना ती एकटीच हसत होती. सहाण हा शब्द तिच्या डोक्यात आलाच नाही.

हात धुवायला ती मागच्या दारी आली. धुण्याचा दगड रिकामा होता.

ती घरात धावली. चुलीजवळ सहाण, शेजारी हळकुंड आणि मुरुडशेंग. वर हळदीचा ओला पिवळा ओघळ. त्याखाली दगडाच्या बारीक खाचांतून कंदाचा पांढरा गर तसाच बसलेला. स्वप्नालीनं वरवर पाणी मारलं असणार. तिला बिचारीला काय माहीत?

चिमणाबाईनं स्वप्नालीला फोन लावला. तो आतल्या खोलीत चार्जिंगला वाजला.

ती रस्त्याकडं धावली, पायात चप्पल नाही. यष्टी केव्हाच गेली होती. दूध भरलेला हंबीररावचा टेम्पो वळणावरून येताना दिसला तशी ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"काय मरायला आलाय काय?" हंबीरराव ओरडला.

"मलकापूर. सरकारी दवाखाना. पळीव."

पुढं ती एक शब्द बोलली नाही. चिमणाबाई गप्प आहे हे बघूनच हंबीररावाला काय ते उमगलं. त्यानं पुढच्या वाड्यांवरची दूधकेंद्रं सोडून दिली आणि गाडी दामटली.

तिच्या डोळ्यांसमोरून तो रताळ्याचा गडी हटेना. तो तर रेड्यासारखा होता. ही पोर तर पदरात मावते. किती पाजली असेल, बोटभर? चमचाभर? अजून काही दिसायचं नाही, दिसेल तेव्हा हातात काही राहायचं नाही. देवीला काय बोलू, कुठल्या तोंडानं बोलू? आणि एकदा, एकदाच, मनात आलं: सांगायचं कशाला? पोरीनं ओकारी काढली म्हणावं, डॉक्टर आपोआप बघतील. सांगितलं तर सून आयुष्यभर तोंड बघणार नाही. कृष्णात काय म्हणेल? वाडी काय म्हणेल? तिला स्वतःचीच किळस आली. डॉक्टरला काय खाल्लंय तेच कळलं नाही तर तो बघणार काय, कपाळ?

दवाखान्याच्या व्हरांड्यात बायका पोरं मांडीवर घेऊन ओळीनं बसल्या होत्या. निम्म्या तिला ओळखणाऱ्या. त्यातल्या कितीजणींनी तिच्या सांगण्यावरून गुटी पाजली होती. स्वप्नाली भिंतीला टेकून बसलेली, शिवानी तिच्या खांद्यावर.

"सिस्टर," चिमणाबाई दारातूनच ओरडली, "माझ्या नातीच्या पोटात कळलावी गेलीया. मी उगाळलेली. सहाणेवर मी उगाळली आन् तशीच ठेवली, त्याच सहाणेवर हिनं गुटी केली. हिचा काय दोष न्हाई. माझा हाय. पोरीला आधी आत घ्या."

सिस्टर हातातली लशींची पेटी ठेवून धावली आणि तिनं पोरीला घेतलं. "किती दिली? कधी?" तिनं स्वप्नालीला विचारलं.

स्वप्नालीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिची नजर पोरीवरून सासूकडं गेली.

"बोल की गं," चिमणाबाई म्हणाली. "किती दिलीस?"

"न्हाई दिली."

"काय?"

"दिलीच न्हाई, आत्या. उगाळली आन् मोरीत ओतली. तुमच्या रोजच्या बोलण्याला कंटाळलो. दिली म्हटलं की गप बसाल म्हणून खोटं बोललो."

चिमणाबाई तिथंच फरशीवर बसली. तिला हुंदका फुटला, मोठ्यानं, तिच्या नेहमीच्या आवाजात. सिस्टर म्हणाली, "उगाळल्यावर हात धुतले होते का? मग बाळाला अंगावर पाजलं का?" स्वप्नालीनं हात नुसते खंगाळले होते आणि यष्टीत पोरीला पाजलंही होतं. डॉक्टरांनी तपासलं, पोर हसत होती, तरी संध्याकाळपर्यंत इथंच राहा म्हणाले.

चिमणाबाई उठली. सुनेला मनगटाला धरून नळावर नेलं, साबण मागून घेतला आणि तिचे हात धुवायला लागली. एकेक बोट, एकेक नख.

"चुकलं माझं, आत्या. खोटं बोलाय नको होतं."

"व्हय, नको होतंस." चिमणाबाईनं पुन्हा साबण लावला. "पुन्हा बोलू नकोस. न्हाई म्हण. माझ्या तोंडावर न्हाई म्हण. मी भांडीन, शिव्या घालीन, पर तू न्हाईच म्हण."