बापाची हजेरी

मच्छिंद्रला राग यायला फार काही लागत नसे. एसी बंद पडला की राग, मेसमधली डाळ पातळ झाली की राग, आणि कुणी न विचारता त्याचा पाना उचलला तर मग विचारूच नका. कतारमधल्या उम्म सलाल मोहम्मद या गावाच्या बाजूला कंपनीचं यार्ड होतं, तिथले केरळी आणि पाकिस्तानी कामगार त्याला 'मिर्ची' म्हणत. पण बंद पडलेला बुलडोझर त्याच्या हाताखालून गेला की चालू होऊनच बाहेर पडे, म्हणून फोरमनसुद्धा त्याची बोलणी मुकाट ऐकून घ्यायचा. दुभत्या गाईच्या लाथा गोड, म्हणतात ते उगाच नाही.

हे सगळे चिल्लर राग. त्याचा एक राग मात्र खरा होता, आणि ज्याला तो ऐकून राग येणार नाही त्याने खुशाल समजावं की आपलं नशीब चांगलं.

मच्छिंद्र सोलापूर जिल्ह्यातला. इंग्रजांनी काही जमाती कायद्यानेच जन्मजात गुन्हेगार ठरवल्या होत्या, त्यांतल्या एका जमातीतला. जमातीचं नाव सांगत नाही; सांगितलं की ऐकणारा आधी स्वतःचा खिसा चाचपतो. त्या कायद्यात चोरी केलीच पाहिजे अशी अट नव्हती, जन्माला आलं की पुरे होतं. मच्छिंद्रचा बाप धोंडीराम. त्याने दुसऱ्याच्या झाडाचा आंबासुद्धा कधी तोडला नाही. पण दिवेलागण झाली की हातपाय धुऊन, पटका बांधून पोलीस ठाण्यावर जायचं, नाव पुकारलं की 'हाजीर' म्हणायचं, हा त्याचा तरुणपणीचा नेम. बहिणीच्या लग्नात अक्षता पडल्या आणि हा पंगत सोडून ठाण्याकडे पळाला. परगावी जायचं तर ठाण्याचा पास लागे, आणि जो हजेरी चुकवत नाही त्यालाच पास मिळे. हाताच्या दहाही बोटांचे ठसे सरकारजमा होते.

स्वातंत्र्य आलं, कायदा गेला, हजेरी बंद झाली. तेव्हा मच्छिंद्र पाटी-पेन्सिलीच्या वयाचा होता. पण गावात कुणाची कोंबडी हरवली तरी पोलिसाची काठी पहिली यांच्याच दारात आपटायची. कायदा गेला होता, काठी तिथेच होती.

मच्छिंद्र त्या गावातून निसटला तो धरणाच्या कामावर. तिथे इंजिनं खोलायला आणि जोडायला शिकला, लग्न केलं, आणि पंचाहत्तर साली मुंबईच्या एजंटामार्फत कतारला आला. बायको पारू आणि मुलगी नयना म्हाताऱ्याजवळ गावीच राहिल्या. मेकॅनिकला कुटुंब आणायची परवानगी नव्हती. ती साहेब लोकांना.

असेच एक साहेब म्हणजे सुरेश पेंडसे, पुण्याचे इंजिनियर, दोह्याजवळ अल दुहैलला बायको-मुलांसह राहणारे. माणूस वाईट नव्हता. शुक्रवारी मच्छिंद्र त्यांची गाडी बघायला जायचा. एक्याऐंशी साली तेच म्हणाले, "मच्छिंद्र, कॅनडाला अर्ज करा. तुमच्यासारखे मेकॅनिक त्यांना हवेत. शिवाय फॅमिली बरोबर नेता येते, कायमची."

कायमची, हा शब्द मच्छिंद्रच्या डोक्यात शिरला तो शिरलाच. त्याचं कारण होतं. मागच्या सुट्टीत नयना त्याला सहज सांगून गेली होती की वर्गात काही हरवलं की बाई पहिलं तिचं दप्तर उलटं करतात. रडत सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी. पोरगी पावसापाण्याबद्दल सांगावं तसं सांगत होती, तिला त्यात काही विशेष वाटतच नव्हतं. मच्छिंद्र त्या दिवशी जेवला नाही. कॅनडातल्या मास्तरणीला आपल्या आडनावाचा अर्थ कळणार नाही, एवढ्यासाठी तो बर्फात कुडकुडायलासुद्धा तयार होता.

सुरेशसाहेबांनी अर्ज भरून दिला. काही महिन्यांनी कॅनडाच्या वकिलातीचं पत्र आलं: तुम्ही जिथे जिथे राहिलात त्या देशांच्या पोलिसांचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला, ठरलेल्या तारखेच्या आत पाठवा.

"फॉर्मॅलिटी आहे हो," साहेब हसून म्हणाले.

"तुम्हांला आसंल," मच्छिंद्र म्हणाला.

कतारच्या दाखल्यासाठी तो दोह्याला पोलिसांच्या कचेरीत गेला. ठसे घ्यायचे होते. शाईचा पॅड समोर आला आणि या तापट माणसाने दोन्ही हात पाठीमागे लपवले. बापाची दहा बोटं जिथे गेली तिथेच आपलीही चालली, असं त्याला वाटलं. टेबलामागच्या अरब पोलिसाला वाटलं, ग्रीसने काळ्या झालेल्या हातांची लाज वाटते आहे. त्याने साबण आणून दिला, हात धुऊ दिले, मग एकेक बोट अलगद धरून टेकवलं. "माफी मुश्किल, सदीक," म्हणाला, म्हणजे काही अडचण नाही, मित्रा. लवकरच दाखला मिळाला. या माणसाविरुद्ध आमच्याकडे काहीही नाही, एवढंच त्यात अरबीत होतं. ज्या देशाची भाषा धड येत नव्हती त्या देशाने त्याला चांगला म्हटलं. आता पाळी आपल्या देशाची होती.

आपल्या वकिलातीने अर्ज घेतला, तो दिल्लीला गेला, मुंबईला गेला, जिल्ह्याला गेला, आणि शेवटी त्याच ठाण्यात जाऊन पडला. रमजान येऊन गेला, ईदची सुट्टी झाली, उन्हाळा संपला. कॅनडाची तारीख जवळ आली तेव्हा कुठे वकिलातीतून बोलावणं आलं. सुरेशसाहेब बरोबर आले. खिडकीतल्या कारकुनाने कागद वाचून दाखवला. अर्जदारावर एकही गुन्हा नाही. परंतु अर्जदार अमुक जमातीचा असून त्याचे वडील ठाण्यात नित्य हजेरी देतात. सबब दाखल्याची शिफारस करता येत नाही.

"खोटं!" मच्छिंद्र असा ओरडला की रांगेतली माणसं मागे सरली. "हजेरी कवाच बंद झालीया! म्या पोरगा होतो तवा! लिहिणाऱ्याला बोलवा हितं, त्येच्या..."

पुढचं लिहिण्यासारखं नाही. साहेबांनी त्याला ओढत बाहेर आणलं, गाडीत बसवलं, पाणी दिलं. मग हळूच म्हणाले, "रागावू नका, पण विचारतो... वडील कशात सापडले होते का कधी?"

इतकी वर्षं त्याच्या हातात गाडीच्या, घराच्या किल्ल्या देणारा माणूस! मच्छिंद्र दार उघडून खाली उतरला. बसून राहिला असता तर गाडीची काच फुटली असती.

साहेब मात्र दुसऱ्या दिवशी तोडगा घेऊन आले. पुन्हा चौकशी मागितली तर ती त्याच ठाण्यात जाणार, आणि तोवर तारीख उलटून जाणार. त्यापेक्षा शपथपत्र करायचं: वडिलांशी माझा काहीही संबंध नाही, येणंजाणं नाही, त्यांच्या वागण्याला मी जबाबदार नाही. मग आपली वकिलात स्वतःच्या जबाबदारीवर दाखला देईल. साहेबांनी मजकूर टाइपसुद्धा करून आणला होता.

"नुसता कागद आहे, मच्छिंद्र. वडिलांना कळणारही नाही."

मच्छिंद्रने तो कागद फाडला नाही, हे सांगायलाच हवं. घडी करून खिशात ठेवला. कामावर असताना नयनाचं उलटं केलेलं दप्तर डोळ्यांसमोर यायचं आणि वाटायचं, करून टाकावी सही. बापाला कुठे वाचता येतं? मग स्वतःचाच इतका राग यायचा की त्या दिवसांत तो यार्डात एकाशीही धड बोलला नाही.

अशातच संपत सुट्टीवरून परत आला. संपत म्हणजे खोलीतला सोबती, ट्रेलरवरचा ड्रायव्हर, शेजारच्याच तालुक्यातला. येताना तो मच्छिंद्रच्या घरून कॅसेट घेऊन आला होता. पत्र लिहिणारं घरात कुणी नव्हतं, नयनाला लिहिता येई पण म्हातारा सांगे तेवढं लिहिणं तिच्या हाताला झेपत नसे. म्हणून घरची खुशाली टेपवरच येई. शुक्रवारी सकाळी चहा टाकून दोघे ऐकायला बसले.

धोंडीराम टेपमध्ये ओरडूनच बोलायचा, कतार लांब आहे म्हणून. मागून नयनाचा आवाज: "आज्या, हळू बोला की!"

"मच्छिंदर, आबा बोलतुया! ठाण्यावनं मानूस आल्ता, तुझी चवकशी कराया. म्या म्हणलं, पोरगं सोन्यावानी हाय. त्यो गेला. पर म्हणलं, आपल्या बाजूनं काय कमी पडाया नगं. परमुलखाला जायाचं म्हंजी पास लागनार, आन हजेरी बराबर असल्याबिगर पास कोन देतंय? मग दुसऱ्या दिसापास्नं लागलो जाया. पयल्यावानी. आदी जमादारच हासला, म्हणला, म्हाताऱ्या, तुला कुनी बोलिवलंय? म्हणलं, पोराच्या पाससाठनं. तवा म्हणला, मग येत जा. आता वळख झालीया. अंगन झाडतो, पान्याची घागर भरतो, बसून ऱ्हातो. जमादार म्हणतो, धोंड्या, तू येक दीस चुकत न्हाईस. तवा तू घोर करू नगंस. तुझा कागद चांगलाच ईल!"

पुढे पारू काहीतरी कांद्याच्या भावाचं बोलत होती. मच्छिंद्रला ते ऐकू आलं नाही.

पहिला राग बापावर आला. तुला कुणी शहाणपणा शिकवला होता? बंद झालेलं दार तूच जाऊन ठोठावलंस, आणि पोराचं, नातीचं नशीब त्या अंगणात झाडून टाकलंस! मग दुसरा राग आला, आणि तो आल्यावर पहिल्याला जागाच उरली नाही. कायदा कधीच मेला हे त्या जमादाराला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असून त्याने सत्तरीच्या म्हाताऱ्याकडून घागरी भरून घेतल्या. त्या घागरीतलं पाणी प्यायला, आणि त्याच हाताने 'नित्य हजेरी देतात' असं लिहून मोकळा झाला. लिहिलं ते खोटं नव्हतं, हीच तर त्यातली नीचपणाची कमाल.

मच्छिंद्रने खिशातला कागद काढला आणि उभा-आडवा फाडला. माझा संबंध नाही? ज्या बापाने माझ्यासाठी पुन्हा 'हाजीर' म्हटलं, त्याच्याशी माझा संबंध नाही, असं मी लिहून देऊ? कॅनडाला म्हणावं, बस तुझ्या बर्फात.

मग त्याने कोरी कॅसेट घातली आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. जे मनात होतं ते सगळं बोलला. आबा, तू वाटोळं केलंस. तुझ्या हजेरीनंच दाखला गेला. अडाण्या, घरी गप बसला असतास तर... मग त्याने बटण बंद केलं.

संपत म्हणाला, "धाडून दे. पर म्हाताऱ्याचं काय व्हईल ते बघ. आनि ही ऐकून त्यो हजेरी थांबवंल आसं वाटतंय व्हय तुला? उलट दोन टायम जाईल, झाल्याली चूक निस्तराया."

ते खरं होतं. मच्छिंद्रला त्याचाही राग आला, पण खरं होतं. चहावर साय धरली. मग त्याने कॅसेट मागे फिरवली आणि त्याच शिव्यांवर दुसरं रेकॉर्ड केलं. आवाज कसाबसा ताळ्यावर आणला होता.

"आबा, दाखला आला. लई चांगला आला. तुझ्या हजेरीनं काम झालं. आता खलास. उद्यापास्नं ठान्याची पायरी चढायची न्हाई. कुनी बोलिवलं तरी न्हाई. म्हणावं, माझ्या पोराचा कागद झाला, आता माझं हितं काय काम न्हाई."

कॅनडाची तारीख आली आणि गेली. सुरेशसाहेबांनी मान हलवून "चान्स घालवलात" म्हटलं. मच्छिंद्रने त्या शुक्रवारपासून त्यांच्या गाडीला हात लावला नाही. पारूला खरं सांगायचं ते सुट्टीत, समोरासमोर, असं त्याने ठरवलं.

त्याआधीच घरून कॅसेट आली. पुन्हा तोच ओरडणारा आवाज, पण असा खुशीतला की मच्छिंद्रने जन्मात ऐकला नव्हता.

"मच्छिंदर! तुझी क्यासेट समद्या आळीला ऐकिवली! ठान्यावर गेलो, पेढं घिऊन गेलो. फौजदारसायबाला दिलं, शिपायास्नी दिलं. जमादारानं दोन खाल्लं. म्या पाया पडलो त्येंच्या, म्हणलं, सायेब, तुमच्यामुळं पोराचं कल्यान झालं. त्यो नुसता पेढा चावत बसला."

मच्छिंद्रने टेप थांबवला. बाहेर यार्डात जाऊन रिकाम्या पिंपावर लाथा घातल्या, पाय सुजेपर्यंत. यार्डातल्या कुणी त्याला मिर्ची म्हटलं नाही. मग लंगडत आत आला आणि पुन्हा बटण दाबलं, कारण बापाचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"...आन त्येला सांगून आलो, उद्यापास्नं येनार न्हाई. आसं पयल्यांदाच कुना पोलिसाला बोललो बग. आता कवा निघायचं, लेकरा? नयनी इचारतीया, तिकडं शाळंत दप्तर नवं न्यायचं का हेच चालंल?"