भिका मिस्तरी आणि विमानाचं अस्तर

भिका मिस्तरींनी बनवलेल्या बैलगाडीत तिचा मालक पहिल्यांदा कधीच बसला नाही. आधी मिस्तरी स्वतः बसणार, तापीकाठच्या उतारावरून गाडी भरधाव खाली आणणार, मगच ती मालकाच्या ताब्यात. "जेनी बनाडी, तोच पहिले पडो," हे त्यांचं म्हणणं.

साठ सालानंतरची गोष्ट. प्रकाशा गावाजवळच्या एका बड्या गुजर शेतकऱ्यानं कपाशीवर औषध फवारायला आणि हौसेनं फिरायला जुनं, दोन माणसांचं विमान आणलं. चालवायला आमचे हे. आतलं अस्तर उंदरांनी फस्त केलेलं, विमान वळवायच्या तारा उघड्या पडलेल्या. मालकांनी मुंबईहून प्लास्टिकचे पांढरे तक्ते मागवले आणि काम दिलं कुणाला, तर बैलगाड्या करणाऱ्या मिस्तरींना! मी कपाळावर हात मारला.

पण माणूस जिद्दीचा. आधी सागवानाचे साचे कोरले. मग भट्टीवर वाळू, वाळूवर लोखंडी पत्रा, त्यावर प्लास्टिक. तक्ता ओल्या पापडासारखा मऊ पडला की दोघांनी फडक्यांनी उचलायचा आणि साच्यावर दाबून धरायचा. तीन महिने हेच. शेडच्या सावलीत त्यांनी अस्तर असं घट्ट बसवलं की नख शिरेना. "उनमा आटी, मंग बराबर व्हई," म्हणाले. लाकडाचाच माणूस तो, लाकडाचाच हिशेब.

पहिल्या फेरीला मी बसणार होते. मला सहावा महिना होता, तरी हौस दांडगी. नवी साडी नेसून मैदानात उभी राहिले, तर मिस्तरी आडवे आले. "ताई, पहिले मी बससू."

"अहो, ही काय बैलगाडी आहे?" मी चिडले. पण ऐकतील तर शपथ! तरातरा जाऊन बसलेसुद्धा.

विमान केळीच्या बागांवर गेलं आणि खिडकीतून पांढरे तुकडे पडायला लागले. एक, दोन, मग धडाधड. अगं बाई! मला वाटलं, विमानच मोडतंय.

दोघं उतरले तेव्हा यांचा चेहरा पांढराफटक. मिस्तरींचे दोन्ही हात रक्तानं माखलेले. उन्हात प्लास्टिक आटायच्या ऐवजी फुगलं होतं आणि शेपटीकडं जाणारी तार त्याखाली दाबली गेली होती. विमान वळवायचा दांडा अडकला आणि तो सोडून यांना तार सोडवता येईना. मिस्तरींनी नुसत्या मुठींनी अस्तर फोडून तार मोकळी केली. त्या जागी मी असते, तर किंचाळण्यापलीकडे काय केलं असतं?

"लाकूड आटस, हाई फुगस. मन्ही चूक शे," मिस्तरी एवढंच म्हणाले.

"जाऊ द्या, कडेनं जरा घासून घ्या," मालक म्हणाले. मिस्तरींनी कुऱ्हाड उचलली आणि तीन महिन्यांचे साचे आमच्यासमोर फोडून टाकले. "ऱ्हायनात, ते कोनीतरी यावरथूनच बनाडी." साचे राहिले, तर उद्या कुणीतरी त्यांवरूनच तसलं अस्तर बनवेल, ही त्यांना धास्ती.

त्यांच्या हातांना हळद लावताना मला हुंदका आवरेना. ते मात्र मलाच समजावत होते.

"रडू नका, ताई. तुटनं ते मन्हंच व्हतं."