न फाटलेल्या तंबूंचे तळे

तंबू दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना सारे ‘तंबूवैद्य’ म्हणत. ही पदवी थट्टेतून जन्मली असली तरी तिच्यात अतिशयोक्ती नव्हती. वैद्य जसा नाडीवर बोट ठेवून रोग्याच्या चार दिवसांच्या आहारविहाराचा वृत्तान्त सांगतो, तसे हे फाटक्या कापडावरून तळहात फिरवून तो तंबू कशा भूमीवर उभा होता ते सांगत. त्यांची कार्यशाळा म्हणजे एक लांबट खोली होती. मध्यभागी सहा माणसांचा तंबू उलगडून पसरता येईल एवढे मेज, खिडकीशी जाड सुईचे शिलाई मशीन, शिवणीवर घासायच्या मेणाची बरणी आणि भिंतीला टेकून, एका जुन्या औषधांच्या दुकानातून आणलेले बारा खणांचे कपाट. एकेक खण, जेथे लोक उन्हाळ्यात मुक्कामाला जात अशा एकेका तळ्याचा. दुरुस्तीत कापून काढलेला प्रत्येक तुकडा ज्याच्या त्याच्या खणात जाई.

ठिणग्यांनी मोहरीएवढी भोके पडलेले कापड सांगे की तेथे शेजाऱ्यांच्या चुली फार जवळ आहेत. तळाशी काळी बुरशी असली की भूमी खोलगट. एकाच बाजूच्या कड्या ताणलेल्या दिसल्या की वारा पाण्यावरून येतो. “माणूस सहलीचं वर्णन करताना थापा मारतो,” ते म्हणत, “कापड मारत नाही.” त्यामुळे दुरुस्तीसाठी येणाऱ्यांपेक्षा सल्ल्यासाठी येणारेच अधिक. एके दिवशी एक जोडपे आले.

“आम्हाला अगदी पाण्याला लागून जागा सांगा हं,” बाई म्हणाल्या.

“पाण्याला लागून मासे राहतात, बाई. माणसांनी पन्नास पावलं वर राहावं. दव कमी, डास कमी, आणि तळं तेवढंच दिसतं. मुलं आहेत?”

“दोन.”

“मग तळ्याआधी नळ कुठे आहे ते बघा.”

नवरा हसला. बाईंनी मात्र ते वाक्य लिहून घेतले.

असा हा मनुष्य स्वतः अविवाहित होता. थोरला भाऊ, वहिनी, पुतणी आणि पुतणीची तीन वर्षांची चिमणी एवढाच त्याचा गोतावळा. थोरल्यापाशी एक घरगाडी होती, म्हणजे आत बिछाने, शेगडी आणि हात धुण्याचे भांडे असलेली, खोलीएवढी मोटार. पूर्वी दोघे भाऊ दर उन्हाळ्यात कोठल्या ना कोठल्या तळ्याकाठी जात. थोरला गाडीत निजे, धाकटा शेजारी तंबूत. लहानपणी परसात चादरीचा तंबू करून एकाच उशीवर भांडलेली ही दोन डोकी. त्या भांडणाचेच ते प्रौढ रूप होते म्हणा ना.

परंतु आठ वर्षांपूर्वी वैद्यांनी एक हिरवेगार कुरण निवडले. माती अशी की खुंटी लोण्यात सुरी जावी तशी आत जाई. दुर्दैवाने घरगाडीची चाकेही तशीच आत गेली. शेवटी ट्रॅक्टर आणून ती ओढावी लागली, आणि चिखलाने माखलेला थोरला एवढेच म्हणाला, “यापुढे तू सांगशील तिथे माझं चाक फिरणार नाही.” भाऊ भेटत, गप्पा मारत, दुखऱ्या गुडघ्यांची तुलना करत, पण सहलीचा विषय निघाला की थोरला खिडकीबाहेर पाही.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी वहिनी कार्यशाळेत आल्या आणि मेजावरचा तंबू बाजूला सारून बसल्या.

“भाऊजी, गाडीच्या मागच्या काचेला पाटी लागली.”

“कसली?”

“‘विकणे आहे’. गुडघे दुखतात म्हणे. मी म्हटलं, विकण्याआधी एकदा सगळे मिळून जाऊ. म्हणाले, जागा कोण निवडणार? मी म्हटलं, भाऊजी. तर पेपर तोंडासमोर धरला.”

“म्हणजे नाही म्हणाला.”

“नाही म्हणायचं असतं तर पेपर खाली ठेवून म्हणाले असते. एकोणचाळीस वर्षं वाचतेय मी त्यांना. पेपराआडून म्हणाले, ‘एकच रात्र. सकाळचा चहा झाला की मी परत.’ आता जागा अशी काढा, की बोट ठेवायला जागा राहू नये.”

वैद्य उठून कपाटापाशी गेले. शेकडो लोकांना त्यांनी तळी सांगितली होती. परंतु दादाच्या शेजारी पाण्याकडे तोंड करून बसण्याची ही कदाचित शेवटची संधी होती. त्यांनी एकामागून एक खण उघडले. एकीकडे वारा, दुसरीकडे ओल, तिसरीकडे उंदीर. अकरा खण झाले आणि बारावा उघडला तर तो रिकामा. वैद्यांनी आत हात घालून कोपरे चाचपले. मग त्यांचा चेहरा उजळला. या तळ्याकाठचा एकही तंबू आजवर दुरुस्तीला आला नाही, म्हणजे तेथे तंबूला इजाच होत नाही!

त्यांनी तेथील मुक्कामतळाच्या व्यवस्थापकाला फोन करून उलटतपासणी घेतली. गाडीखालची जमीन पक्की आहे ना? चाकाची खूणही उमटणार नाही. वळायला जागा? ऐसपैस. झाडांच्या फांद्या? गाडीच्या टपापासून दोन हात वर. विजेची जोडणी जागेवर. पुतणीसाठी लाकडी खोली, दाराशी नळ. काठाचे पाणी चिमणीच्या घोट्याइतके. वैद्यांनी सर्वांसाठी सर्व विचारले, तंबूविषयी मात्र काही विचारले नाही. तंबूविषयी वैद्यांनी दुसऱ्याला काय विचारायचे?

ठरल्या दिवशी दुपारी सारे पोहोचले. थोरल्याने गाडी उभी केली आणि आतल्या मेजावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला. एक थेंब सांडला नाही. “हं,” तो म्हणाला. त्याच्या तोंडचा हा हुंकार म्हणजे प्रशस्तिपत्रच. वहिनींनी दिराकडे पाहून भुवया उंचावल्या. वैद्यांनी प्रसन्न मनाने गाडीशेजारी तंबू पसरला, खुंटी लावली आणि हातोडा मारला.

ठण्ण!

खुंटी वाकली. दुसरी उडून गवतात गेली. तिसरीने ठिणगी काढली. चार बोटे मातीखाली एकसंध कातळ होता. तेवढ्यात व्यवस्थापक फेरी मारीत आला.

“तंबू? अहो काका, इथे तंबू कोण आणतं? पंचवीस वर्षांत नाही पाहिला. इथे सगळ्या घरगाड्याच.”

धूर दिसला की अग्नी आहे असे अनुमान करावे, हे खरे. पण धूर नाही म्हणून अग्नीही नाही, असे म्हणू नये. तापलेल्या लोहगोलाला कोठे धूर असतो? फाटके तंबू येत नाहीत याचा अर्थ तेथे तंबू फाटत नाहीत असा नव्हे. ते तेथे जातच नाहीत, असाही होऊ शकतो. वैद्य जमिनीवर बसले. हातात वाकलेली खुंटी होती. थोरला घडीच्या खुर्चीत बसून सारे पाहत होता. पुतणी चिमणीला घेऊन हळूच पाण्याकडे सरकली.

“दादा, चुकलो,” वैद्य म्हणाले. “पुन्हा.”

थोरल्याने खुंटी हातात घेतली, उलटसुलट केली आणि त्याचे पोट आधी हलू लागले, आवाज मागाहून आला.

“अरे, त्या वेळी माझं चाक खाली गेलं, आज तुझी खुंटी वर आली! फिट्टंफाट झाली, वैद्यबुवा!”

“हसू नकोस रे. निजू कुठे मी?”

“गाडीत ये.”

“तू घोरतोस.”

“आणि तू सनई वाजवतोस? आण त्या दोऱ्या इकडे.”

दोघांनी मिळून तंबूच्या एका बाजूच्या दोऱ्या घरगाडीच्या चाकांना आणि टपाच्या कठड्याला बांधल्या, दुसऱ्या बाजूच्या मोठमोठ्या दगडांना. गाठी धाकट्याच्या, ताण थोरल्याचा. चिमणीने आपल्या वाट्याचा दगड म्हणून सुपारीएवढा खडा आणला. त्यालाही एक दोरी रीतसर देण्यात आली. मग दोन खुर्च्या पाण्याकडे तोंड करून मांडल्या गेल्या.

सकाळी चहा झाला. थोरल्याने खिशातून किल्ली काढली, गाडीकडे गेला आणि चाकापाशी थबकला. गाडी हातभर जरी हलली असती तरी धाकट्याचे घर कोसळले असते.

“थांब, सोडतो दोऱ्या,” वैद्य उठत म्हणाले. “पाच मिनिटांचं काम.”

“राहू दे. वारा आहे. सोडल्यास तर उडेल तंबू.”

वैद्यांनी तळ्याकडे पाहिले. पाण्यावर तरंग नव्हता, झाडावरचे पान हलत नव्हते.

“आहे खरा,” ते म्हणाले.

वहिनींनी दुसऱ्यांदा आधण ठेवले. तो वारा तीन दिवस पडला नाही.

परतल्यावर वैद्यांनी बाराव्या खणात ती वाकलेली खुंटी ठेवली. चार दिवसांनी थोरला कार्यशाळेत आला आणि एकेक खण उघडून पाहू लागला. “चाकांसाठी कुठली जागा चांगली ते यात कुठंच नाही,” तो कुरकुरला. “तुझी विद्या अर्धी आहे. बाकीची मी सांगतो, लिही.” बाहेर घरगाडी उभी होती. तिच्या मागच्या काचेत पाटी अजून होती, पण उलटी. चिमणीने तिच्या कोऱ्या बाजूवर खडूने एक निळे तळे काढले होते, आणि तळ्याकाठी मोटारीला बांधलेला एक तंबू.