पायलटची खोली

ती घटना अजून मनातून जात नाही. रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. हिवाळ्यातल्या एका ढगाळ सकाळी एक मालवाहू विमान उडालं, ढगांतूनच परत वळलं आणि आमच्या ठाण्याच्या हद्दीतल्या शेतात आपटलं. कॅप्टन जागीच गेले, सहवैमानिक वाचला. मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची चौकशी, माझ्याकडे आली.

दुपारीच खबर मिळाली: कॅप्टन पिऊन होते, विमानतळावर झोकांड्या खात होते. झालं! शहरानं निकाल देऊन टाकला. नागपूरहून आलेल्या त्यांच्या पत्नीनं विचारलं, "साहेब, लोक म्हणून राहिले ते खरं हाय का? मी पोरीले काय सांगू?"

तपासणीत रक्तात दारूचा थेंब निघाला नाही. मग मी दवाखान्यात सहवैमानिकाला गाठलं.

"ढगांत पंखांवर बर्फ धरला," तो म्हणाला. "वेग उतरत होता. मी म्हटलं, सर, बर्फ! ते हो हो म्हणाले, पण हात मांडीवरच. बर्फ तोडायचं बटण समोर होतं."

"मग तुम्ही का नाही दाबलं?"

"मीही पेंगत होतो, साहेब. दोन रात्री झोप नाही."

"पायलटांना झोपायला कंपनीची खोली होती ना?"

तो दारात उभ्या असलेल्या कंपनीच्या मॅनेजरकडे बघू लागला.

मॅनेजर रायपूरच्याच चौबे कॉलोनीत राहणारा, आपलाच मराठी माणूस. त्याला ठाण्यात बसवलं, चहा पाजला आणि काहीच विचारलं नाही. अशी शांतता भल्याभल्यांना सोसत नाही.

"भाचीचं लग्न होतं, साहेब," तो आपणहून बोलला. "सारे लॉज फुल्ल. वरपक्षाच्या लोकायले कुठं ठेवू? पायलटची खोली देल्ली."

"अन् पायलट?"

"गोदामात खुर्च्या होत्या ना. दोन रात नाही झोपलं तं काय होते? लग्नघरी आपण झोपतो का?"

माझं डोकं सणकलं. "लग्नघरी विमान चालवतात का रे?"

कॅप्टनच्या पत्नीला मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मले तं फोनवर म्हणे, खोली मस्त हाय, आता झोपतोच."

झोकांड्या दोघंही खातात; पण पिणाऱ्याच्या तोंडाला वास येतो, जागरणाचा येत नाही. त्यानंतर रात्रपाळी केलेल्या ड्रायव्हरच्या हाती मी कधी जीप दिली नाही. ड्रायव्हर कुरकुरायचे, "साहेब, मी ठीक हाय." कॅप्टननंही बायकोला असंच सांगितलं होतं.